'नो' म्हणजे जाणणे, ओळखणे की येणे?

'नो' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'जाणणे' असा आपण शाळेत पाठ केलेला असतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने याहून जवळचा प्रतिशब्द सापडणार नाही, कारण हे दोन्ही शब्द एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत. तरीही प्रत्यक्ष भाषांतर करताना 'नो'च्या जागी 'जाणणे' क्वचितच बसते, आणि ही विसंगती मला फार विचार करण्याजोगी वाटते.

आधी नात्याविषयी. या शब्दाच्या इंग्रजी लेखनात आरंभी जो अनुच्चारित 'के' दिसतो, तो एके काळी स्पष्ट उच्चारला जात असे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'क्नावन' असे होते. आद्य भारोपीय भाषेतील, म्हणजे संस्कृत आणि युरोपातील बहुतेक भाषांच्या अनुमानित पूर्वज भाषेतील, तालव्य 'ग'चा इंग्रजी-जर्मनच्या जर्मानिक शाखेत 'क' झाला आणि संस्कृतात 'ज' झाला, म्हणून तिकडे 'क्नावन' आणि इकडे 'ज्ञा', 'जानाति' अशी रूपे दिसतात. गुडघ्याला इंग्रजीत 'नी' म्हणतात, त्याच्याही लेखनात असाच मुका 'के' आहे. जर्मनमध्ये तो आजही 'क्नी' असा ऐकू येतो, आणि संस्कृतातला त्याचा भाऊबंद म्हणजे 'आजानुबाहू'मधला 'जानु'. संस्कृत 'जानाति'चे प्राकृतात 'जाणइ' झाले आणि त्यातून आपले 'जाणणे' आले. 'न' आणि 'जाणणे' यांच्या मिलाफातून झालेले 'नेणणे' हे स्वतंत्र नकारार्थी क्रियापद संतवाङ्मयात पदोपदी भेटते. आज त्याचा 'जाणते-नेणते' एवढाच अवशेष बोलण्यात उरला आहे, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता अर्थाविषयी. जुन्या इंग्रजीत जाणण्यासाठी 'वितन' हे आणखी एक क्रियापद होते. ते संस्कृत 'विद्' धातूचे, म्हणजेच 'वेद' आणि 'विदित' यांचे सगोत्र आहे. जर्मनने वस्तुस्थिती माहीत असण्यासाठी 'विसन' आणि परिचय असण्यासाठी 'केनन' हा भेद आजही राखला आहे. इंग्रजीत मात्र 'वितन' मागे पडले आणि त्याचे सारे काम 'नो'वर आले. मराठीने हा भेद जपला, इतकेच नव्हे तर तो अधिक बारीक केला. पत्ता आपल्याला माहीत किंवा ठाऊक असतो, माणसाला आपण ओळखतो, बातमी कळते, पोहणे येते, आणि एखाद्याचे दुःख आपण जाणतो. इंग्रजीत या सर्व ठिकाणी 'नो' चालते. शिवाय इंग्रजीत जाणणारा नेहमी कर्ता असतो, तर मराठीत बहुधा 'मला माहीत आहे', 'मला कळले', 'मला येते' अशी चतुर्थीची रचना होते. ज्ञान आपल्याकडे येते, आपण ते करत नाही. 'जाणणे' आणि 'ओळखणे' यांनाच तेवढा 'मी' लागतो, आणि त्या दोहोंत जाणणाऱ्याचे मनही गुंतलेले असते. म्हणून 'आय नो द आन्सर'चे 'मी उत्तर जाणतो' हे भाषांतर व्याकरणाने शुद्ध असूनही कृत्रिम वाटते.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. 'मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखतो' हे मराठी वाक्य साध्या वर्तमानकाळात आहे, म्हणून आपण सहज 'आय नो हिम सिन्स टेन इयर्स' असे म्हणून जातो. भूतकाळात सुरू होऊन अजून चालू असलेल्या स्थितीसाठी इंग्रजीला पूर्ण वर्तमानकाळ लागतो, म्हणून तेथे 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स' असे म्हणायला हवे. 'आय ॲम नोइंग' हे रूपही टाळावे, कारण हे क्रियापद कृतीचे नसून स्थितीचे आहे.

इंग्रजी 'कॅन' हेही याच कुळातले असून त्याचा मूळ अर्थ 'कसे करायचे ते माहीत असणे' असा होता. पुढे त्यात सामर्थ्याचा अर्थ मिसळला आणि आज 'आय कॅन स्विम' या वाक्यातून कौशल्य आणि शारीरिक शक्यता या दोन्ही गोष्टी व्यक्त होतात. मराठीत 'मला पोहता येते' हे शिकलेल्या विद्येविषयी आहे, तर 'आज नदीला पूर नाही, म्हणून मी पोहू शकतो' हे परिस्थितीविषयी आहे. अलीकडे 'मी कन्नड बोलू शकतो' अशी वाक्ये सर्रास लिहिली जातात. घसा बसलेला नाही असे सांगायचे नसेल, तर तेथे 'मला कन्नड येते' असेच लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.