२०० बीपीएमला डबल बेस ड्रम गिटारखाली गाडला जातो, काय करू?

डबलपेडल: मंडळी, २०० बीपीएमचं (मिनिटाला २०० बीट) गाणं आहे आणि किकवर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमवर, दोन पेडलनी बराच वेळ सलग सिक्स्टीन्थ (एका बीटला चार ठोके). आठ चॅनल वापरलेत: किकच्या आत एक माइक, स्नेअरला वर-खाली दोन, टॉमला तीन, सगळ्या सेटच्या वर टांगलेले ओव्हरहेड माइक दोन. नुसते ड्रम ऐकले तर ठीक वाटतात, पण गिटार सुरू झाल्या की किकचा गडगडाट तेवढा उरतो आणि स्नेअर पुठ्ठ्यासारखा वाजतो. किकला ६० हर्ट्झवर ६ डीबी वाढवले, तर गडगडाट आणखी वाढला.

खर्जवाला: वाढणारच. २०० बीपीएमला एक बीट ३०० मिलिसेकंदांची, म्हणजे दोन ठोक्यांत अंतर फक्त ७५ मिलिसेकंद. ६० हर्ट्झची एक लहर जवळपास १७ मिलिसेकंद घेते. त्या फटीत जेमतेम साडेचार लहरी मावतात, आणि घुमारा त्याहून लांबला की पुढच्या ठोक्यावर चढतो. म्हणून आधी शेपूट कापा: गेटचा (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) होल्ड, म्हणजे उघडं राहण्याचा वेळ, आणि रिलीज, म्हणजे बंद होण्याचा वेळ, मिळून साधारण ६० मिलिसेकंदांत बंद होऊ द्या. मग ३०० ते ४५० हर्ट्झमधून ६-८ डीबी काढा, किकचा पुठ्ठ्यासारखा आवाज तिथेच असतो. ४ ते ६ किलोहर्ट्झमध्ये बीटरची टकटक वर आणा, गिटारच्या भिंतीतून तीच बाहेर येते. कॉम्प्रेसरचा (मोठे आवाज दाबणारं साधन) अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, १०-२० मिलिसेकंद ठेवा, त्याहून जलद केलात तर टकटक चिरडली जाते. आवाज किती दाबला ते दाखवणारी कॉम्प्रेसरची सुई पुढच्या ठोक्याआधी परत यायला हवी.

पुन्हा रेकॉर्ड करणार असाल तर नवं हेड, प्लॅस्टिक किंवा लाकडी बीटर, आत हेडला किंचित टेकलेली उशी, आणि माइक बीटरच्या जागेसमोर ५-७ सेंटिमीटरवर. फेल्टच्या बीटरची धार नंतर ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून) आणायला गेलात तर झांजाच वर येतात.

उलटी_फेज: स्नेअरबद्दल. खालच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवली आहे का? वरचं हेड दबतं तेव्हा वरच्या माइकपासून लांब जातं, खालचं मात्र खालच्या माइककडे येतं, त्यामुळे दोन्ही तसेच मिसळले तर २०० हर्ट्झच्या आसपासचा भरीवपणा जातो. त्यानंतर ओव्हरहेड. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, तेव्हा दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. दोरीने मोजा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. आता रेकॉर्डिंग झालेलंच आहे, तर ओव्हरहेडची पोलॅरिटी एकदा उलटवून मोनोमध्ये ऐका आणि स्नेअर जाड वाटेल ती बाजू ठेवा. हे जमेपर्यंत ईक्यूला हात लावू नका.

डबलपेडल: गेट लावला की जलद पट्ट्यांतले हलके ठोके गायब होतात. थ्रेशोल्ड (गेट उघडायची पातळी) खाली आणला तर स्नेअरनेही गेट उघडतो.

खर्जवाला: मूळ आवाजावर गेट चालवू नका. किक ट्रॅकची प्रत काढा, प्रत्येक ठोक्यावर हाताने छोटा टिकला ('टिक' असा आवाज) ठेवा आणि तो ट्रॅक गेटच्या साइडचेनला (गेट कशाने उघडायचा ते ठरवणारा इनपुट) द्या. तो ट्रॅक काही मिलिसेकंद आधी सरकवला की गेट वेळेवर उघडतो, ठोक्याची सुरुवात कापली जात नाही. एका गाण्याला वेळ लागतो, पण चूक राहत नाही.

उलटी_फेज: तेच टिकले सॅम्पलसाठीही (मूळ ठोक्यात मिसळायचा आधीच रेकॉर्ड केलेला ठोका) वापरा. सॅम्पलचं पहिलं टोक मूळ ठोक्याच्या पहिल्या टोकावर बसवा आणि दोन्ही एकाच दिशेने वर जातात का पाहा, नाहीतर दोन आवाज मिळून एकापेक्षा बारीक होतात. पूर्ण जोराचा एकच सॅम्पल सगळीकडे लावला तर टाइपरायटर ऐकू येतो. सलग डबल बेसमध्ये पाय तसेही हलके पडतात, तेव्हा तिथे कमी जोराचे दोन-तीन सॅम्पल आलटून पालटून घ्या. स्नेअरला मूळ आवाजाखाली सॅम्पल मिसळा, पण घोस्ट नोट्सवर (मुद्दाम अगदी हलके वाजवलेले ठोके) अजिबात नको. टॉमचे रिकामे तुकडे हातानेच कापा. एवढं झाल्यावर ओव्हरहेड ३०० हर्ट्झखाली कापता येतात, कारण अंग आता जवळच्या माइकमधून आणि सॅम्पलमधून मिळतंय.