पीर, पालखी आणि आपलं शाळेतलं वय

रानवारा
भाच्याला जुन्या फोटोत मी दिसलो, हातात मोरचेल, पुढं मोहरमचा पीर, म्हणजे सजवलेला पंजा. "मामा, तू धर्म बदललावतास?" म्हणतो! तेव्हापासून सांगलीकडचं गाव डोक्यातून जाईना. १९८५-८६ ला गणपती आणि मोहरम एकत्र आलेले, मी आठवी-नववीत. संध्याकाळी आरती, रात्री खाईभोवती, म्हणजे विस्तवाच्या खड्ड्याभोवती, करबलचा नाच. पोरं तीच, ताशा तोच. भांडण एकच, वर्गणी आधी कशाची मागायची. तुमचंही लिहा. खुपलेलंसुद्धा.

अनुस्वार
मशिदीत गणपती बसतो ते गाव का?

रानवारा
ते गोटखिंडी. तिथं १९८० पासून बसतो. कुरुंदवाडलाही बसतात. आमचं साधं आपलं.

शबनम_के
रोजे असले की मैत्रिणी माझ्याकडं पाठ करून डबा खायच्या. वास यायचा तो यायचाच 😄 हळदीकुंकवाला एकीची आई करंडा घेऊन माझ्यापाशी थबकायची, मग पटकन गजरा हातात द्यायची. दरवर्षी तेच. मला ते थबकणंच आवडायचं, विचार करायची बिचारी.

खडूफळा
गोड आहे सगळं. आमच्या वस्तीतून सांगतो. पिराला खांदा द्यायला अख्खा वर्ग, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मात्र तांबोळ्यांचा एकटा, सरबत वाटायला. मित्राकडं चहा मिळायचा, पण कप ओसरीतल्या कोनाड्यातला, तोही मीच विसळायचा. पंधराव्या वर्षी सगळं कळतं हो.

शबनम_के
खडूफळा, त्या कोनाड्यात माझाही असायचा. शेजारी शेजारीच असतील दोघांचे.

खडूफळा
😂 दांडी तुटलेला माझा.

जावईबापू
हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यात अधिकमास नाही. म्हणून गणपती-मोहरमची गाठ ३२-३३ वर्षांनी पडते आणि दोन-तीन वर्षं टिकते. २०१८ ते २०२० परत पडलेली. २०२४ ला तर आषाढी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी, १७ जुलै. पंचांग निघालं की मला राहवत नाही, माफी.

बारावी_एकदाची
मी आत्ता १८. २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती. मोठ्यांनी बैठकीत चहा संपायच्या आत ठरवलं, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मात्र त्याच महिन्यात स्टेटसवरून राडा. निम्मे लेफ्ट, दोन नवीन ग्रुप. क्लासला मात्र एकाच गाडीवर ट्रिपल सीट, कारण एसटी वेळेवर नाही. तासभर कुणी बोलायचं नाही, फक्त पेट्रोलचे पैसे मागायला तोंड उघडायचं. आणि सहिष्णुतेवर निबंध आला तर तिघांनाही चांगले मार्क!

माईआजी
मोहरमचे चोंगे कुणी करतं का अजून? गूळ की साखर?

शबनम_के
गूळच आजी. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, वर खसखस. बाकीचं रात्री लिहिते, कुकर झालाय.

अनुस्वार
बारावी, गाडीवरचे ते दोघं बोलतात का आता?

बारावी_एकदाची
एक बोलतो. दुसऱ्यानं स्वतःची गाडी घेतली.