मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये स्टार घेऊन काय करायचंय?

मुलुंडकर (धागाकर्ता)
पहिली गाडी घेतोय. बजेट ऑन-रोड सात लाख, फार ताणलं तर साडेसात. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची लेक आणि आई. रोज मुलुंड ते पवई, वर्षातून दोनदा कणकवली. रविवारी एका शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समनने पंधरा मिनिटं टचस्क्रीन दाखवली. मुलांची सीट अडकवायच्या आयसोफिक्स कड्या कुठायत विचारलं तर "आत विचारून येतो सर" म्हणून गेला आणि चहा घेऊन आला.

माझं मत: स्क्रीन, अलॉय, पुश बटण सगळ्यावर काट मारा आणि ते पैसे क्रॅश टेस्टमध्ये टिकलेल्या गाडीत घाला. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटून बघते आणि सुरक्षेचे स्टार देते. त्यात २०२१ साली टाटा पंचला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार स्टार मिळाले. २०२३ मध्ये वॅगन आरला मोठ्यांसाठी एक, मुलांसाठी शून्य. मग अजून विचार कसला करायचा?

लालबागकर
सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय, त्यातली अकरा टुरिस्टवर. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एलबीएस रोडने जाणार ना? तिथे चौथा गिअर पडला तर नारळ फोडा. एनकॅपवाले गाडी ताशी ६४ किलोमीटरने आपटतात. तो वेग तुम्हाला भांडुपला रात्री दोनलाच मिळेल. मुंबईत गाडी गल्लीत मावली पाहिजे, सीएनजीवर पळाली पाहिजे आणि बंपर फुटला तर नाक्यावरच्या गॅरेजात दोन दिवसांत उभी राहिली पाहिजे. बाकी स्टार काय आकाशकंदिलालाही असतात.

बोरिवलीची आई
दादा, कणकवली सोयीस्कर विसरलात. आणि मुंबईत वेगच नसतो हेही आता जुनं झालं. कोस्टल रोडला ८० आणि अटल सेतूवर १०० ची परवानगी आहे. बरं, रात्री दोनला रिकाम्या रस्त्यावर राँग साइडने येणारा डंपर तुमची सत्तावीस वर्षं मोजून येत नाही.

पण मुलुंडकर, तुम्हालाही एक सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरजवळ कार अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. गाडी तर आपल्या बजेटच्या कितीतरी पटीतली. नंतर १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही बेल्टची सक्ती केली आणि आम्ही आमच्या गाडीत बकलं शोधायला लागलो. सापडेनात! सीट कव्हरवाल्याने तिन्ही बकलं खाली दाबून वरून बेज रेक्झिन शिवून टाकलं होतं. ब्लेडने शिवण उसवली तर एका बकलावर कंपनीचं प्लास्टिकही तसंच. तीन वर्षं आमची मुलं त्यावर बसून माथेरान, अलिबाग करून आली होती.

कळवेकर
तुम्हा सगळ्यांना सात लाख म्हणजे सुरुवात वाटते, म्हणून बोलतो. मी, बायको आणि मुलगी स्कूटरवरून जायचो. पावसात मुलगी मध्ये, रेनकोटखाली. दोन वर्षांपूर्वी पावणेदोन लाखांत जुनी छोटी गाडी घेतली, २०१५ ची. एअरबॅग नाही, एबीएस नाही. तुमच्या लेखी तो पत्र्याचा डबा, पण स्कूटरवरून उतरलेल्याला तो रणगाडा आहे. सेफ्टीच्या नावाखाली गाड्या महाग करत न्या, मग आमच्यासारखे परत दोन चाकांवर. ते कुठल्या क्रॅश टेस्टमध्ये मोजणार?

ठाणे वर्कशॉप
कळवेकरांचा मुद्दा खोडता येत नाही. फक्त पुढची जुनी गाडी घेताना वर्ष बघा. जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाडीत एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग असतेच, जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटलाही. जरा थांबून तेवढी नवी मिळाली तर घ्या. पावसात कचकन ब्रेक मारला तरी एबीएसमुळे चाकं लॉक होत नाहीत, स्टिअरिंग ऐकतं. ते लालबागकरांच्या वेगातही कामाला येतं.

आता स्टारचं. टाटा टियागोचे चार स्टारही लोक सांगतात, ते २०२० चे. जुलै २०२२ पासून ग्लोबल एनकॅपने नियम कडक केले, बाजूची धडक आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) हिशेबात घेतली. त्यामुळे २०२० चे चार आणि २०२३ चे दोन एका तागडीत घालू नका. मुलुंडकरांचं पंचही जुन्या नियमांतलंच. आल्टो के-१० ला २०२३ मध्ये दोनच स्टार मिळाले, पण तिचा सांगाडा स्थिर ठरला. त्याच वेळी वॅगन आरचा अस्थिर. मी रिपोर्टात आधी तीच ओळ वाचतो. वॅगन आरला २०२५ पासून सहा एअरबॅग सरसकट आल्या, चांगलंच आहे. पण भिंत आत आली तर उशी किती पुरणार? आणि उशीसुद्धा बेल्ट लावणाऱ्यालाच. बीप बंद करायला बकलात नुसती क्लिप खोचणारे रोज येतात माझ्याकडे.

अजून एक. साइड एअरबॅग बहुतेक गाड्यांत सीटच्या कडेला असते. वर जाड कव्हर ओढलं तर ती फुगणार कुठून? आणि शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर जिथे एअरबॅग लिहिलंय, बरोबर तिथेच डबल टेपने गणपती बसवतात लोक. एअरबॅग उघडली की मूर्ती थेट माणसाच्या तोंडावर.

लालबागकर
देवाला मध्ये आणू नका साहेब.

ठाणे वर्कशॉप
देवाला नाही, पितळेला म्हणतोय. दोन वीत सरकवा, मध्ये एसीच्या वर. तिथूनही रस्ता दिसतो त्याला.

मुलुंडकर
स्टारच्या तारखेचं माहीत नव्हतं, म्हणजे पंचच्या पाचांचा हिशेबही पुन्हा मांडायला हवा. लालबागकर, पार्किंगचं पटलं, आमच्या सोसायटीत दोन खांबांमध्ये जेमतेम जागा आहे, टेप घेऊन मोजणार. पण लेकीची सीट आयसोफिक्सवर बसली पाहिजे, ती अट सोडणार नाही. आईला मात्र मागे बेल्ट लावायला कसं तयार करायचं ते सांगा. साडी चुरगळते म्हणते.

बोरिवलीची आई
नातीला सांगायला लावा. आमच्याकडे चिरंजीव "आजी, बेल्ट!" ओरडल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय दिसलं तर हजाराचा दंड आहे, तोही सासूबाईंना पाठ झालाय.

लालबागकर
आताच खाली जाऊन आलो. बाप्पा बरोब्बर एअरबॅगवरच होते, अकरा वर्षं. मध्ये घेतले. स्टारबद्दल माझं मत तेच आहे. पण डॅशबोर्डवर टेपचा काळा डाग राहिलाय, तो कशाने जातो?

ठाणे वर्कशॉप
खोबरेल तेल. रात्री लावा, सकाळी पुसा.