ग्राहक सल्लागार मंडळे : संरक्षणाचा पाया की नियामकाची सोय?

धागालेखक : जमाखर्च

वित्तीय नियामक एखादा नियम करायला घेतो तेव्हा त्याच्याशी चर्चा करायला बँका, विमा कंपन्या आणि त्यांचे वकील नेहमीच हजर असतात, कारण मसुद्याचा शब्द न् शब्द वाचण्यासाठी त्यांना पगारी माणसे ठेवता येतात. ज्याच्या खात्यातून शुल्क कापले जाणार आहे, त्याला मात्र असा मसुदा निघाल्याचा पत्ताही नसतो. ही विषमता कमी करणारी कायमस्वरूपी व्यवस्था म्हणजे ग्राहक सल्लागार मंडळ, म्हणजे ग्राहकांच्या वतीने नियामकाला सल्ला देणाऱ्या प्रतिनिधींचा गट, आणि तिच्याशिवाय ग्राहक संरक्षण अपुरे राहते, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटनमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या ‘फायनान्शियल सर्व्हिसेस कन्झ्युमर पॅनेल’ला २००० च्या कायद्याने वैधानिक दर्जा दिला. पॅनेलने मांडलेल्या मुद्द्यांचा विचार करणे नियामकावर बंधनकारक आहे आणि पॅनेलच्या अध्यक्षाला नेमायचे किंवा काढायचे असेल तर अर्थखात्याची संमती लागते. युरोपीय आयोगाने २०१० मध्ये ग्राहक, छोटे गुंतवणूकदार आणि स्वतंत्र तज्ज्ञ यांचा २० जणांचा गट नेमला, तर अमेरिकेत त्याच वर्षीच्या डॉड-फ्रँक कायद्याने ग्राहक वित्तीय संरक्षण संस्थेला सल्लागार मंडळ नेमण्याचे आणि त्याची वर्षातून किमान दोनदा बैठक घेण्याचे बंधन घातले.

वित्तीय साक्षरतेच्या कामात नियामक आणि स्वयंसेवी संस्था यांच्यातल्या भागीदारीचे महत्त्व मला याहून अधिक वाटते. भारतात चार नियामकांनी मिळून राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र उभे केले, आणि रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून स्वयंसेवी संस्था व बँका यांना बरोबर घेऊन साक्षरता केंद्रे सुरू केली. अशा संस्था लोकांपर्यंत माहिती पोहोचवतात, हा त्यांचा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग सहसा कुणी मोजत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याला करारातले कोणते कलम लोकांना समजत नाही, कोणते शुल्क शेवटच्या पानावर दडवलेले असते आणि वसुलीचा दूरध्वनी कोणत्या वेळी येतो हे रोज दिसत असते. ही माहिती सल्लागार मंडळामार्फत नियामकापर्यंत पोहोचली, तरच साक्षरता आणि संरक्षण ही एकाच कामाची दोन अंगे ठरतात.

प्रतिसाद : स्पष्टवक्ता

आपला हेतू मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ज्या अमेरिकी मंडळाचा आपण दाखला दिला, त्याचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे होते. जून २०१८ मध्ये संस्थेच्या हंगामी संचालकांनी त्या मंडळाच्या सर्व २५ सदस्यांना एकाच वेळी दूर केले. त्याआधी दोनच दिवस काही सदस्यांनी, आपल्या बैठका रद्द होत आहेत आणि कायद्याने नेमून दिलेले काम टाळले जात आहे, अशी जाहीर तक्रार केली होती. कायदा तोच होता आणि कायद्यातले मंडळही तेच होते, पण माणसे एका निर्णयाने गेली. ज्या सल्लागाराचे अस्तित्वच सल्ला घेणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो ग्राहकाचे रक्षण किती करणार?

भागीदारीविषयी माझा आक्षेप याहून गंभीर आहे. साक्षरतेच्या कार्यक्रमांना पैसा बहुधा वित्तीय कंपन्याच देतात, आणि पैसा देणारा अभ्यासक्रमही ठरवतो. मग लोकांना ‘अंदाजपत्रक करा, बचत करा, कागद वाचून सही करा’ एवढे शिकवले जाते. पण दलालाला कोणत्या योजनेवर किती कमिशन मिळते, तक्रार कुठे करायची आणि कंपनीने दाद दिली नाही तर पुढे कुणाकडे जायचे, हे क्वचितच शिकवले जाते. हा धोका माझ्या कल्पनेतला नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) वित्तीय शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय जाळ्याने खाजगी व ना-नफा संस्थांच्या वित्तीय शिक्षणासाठी २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत हितसंबंधांचा संघर्ष टाळणे आणि शिक्षण व व्यापारी प्रचार वेगळे ठेवणे यांवर भर द्यावा लागला.

शिवाय या शिक्षणाचा परिणाम किती होतो? २०१४ मध्येच फर्नांडिस, लिंच आणि नेटमेयर यांनी २०१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. लोकांच्या आर्थिक वागणुकीत जो फरक आढळतो, त्यातला केवळ ०.१ टक्का अशा शिक्षणाने स्पष्ट होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. असे असताना फसवणूक झालेल्या माणसालाच ‘तुम्ही साक्षर नव्हता’ असे सांगणे हा अन्याय आहे. दोषपूर्ण योजना बाजारात येऊ न देणे हे नियामकाचे काम आहे आणि ते ग्राहकाच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

प्रतिसाद : आकडेमोड

केवळ संशोधनापुरते लिहितो. कायझर, लुसार्डी, मेंखॉफ आणि अर्बन यांनी २०२२ मध्ये ७६ यादृच्छिक प्रयोगांचे (ज्यांत शिक्षण कुणाला द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते), म्हणजे १,६०,००० हून अधिक व्यक्तींच्या माहितीचे, विश्लेषण प्रसिद्ध केले. शिक्षणाचा परिणाम ज्ञानावरही होतो आणि वागणुकीवरही, असे त्यात आढळले, आणि तो परिणाम आधीच्या विश्लेषणापेक्षा स्पष्टपणे मोठा होता. त्यामुळे ०.१ टक्क्याचा आकडा हा अखेरचा निकाल समजू नये. दोषपूर्ण योजना रोखणे ही नियामकाची जबाबदारी आहे, या आपल्या मुद्द्याला मात्र यामुळे बाधा येत नाही.

प्रतिसाद : तिसरी बाजू

सल्ल्यापेक्षा हक्क महत्त्वाचा, असे मी म्हणेन. ब्रिटनमध्ये २००२ च्या एंटरप्राइज कायद्याने निवडक ग्राहक संघटनांना विशेष तक्रारीचा, म्हणजे एका व्यक्तीऐवजी सगळ्या ग्राहकांच्या वतीने तक्रार करण्याचा, अधिकार दिला, आणि अशा तक्रारीला नियामकाने ९० दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक केले. २००५ मध्ये लोकांना सल्ला देणाऱ्या ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने याच अधिकाराने कर्जासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या हप्तासुरक्षा विम्याविरुद्ध तक्रार केली. त्या तक्रारीच्या मुळाशी सल्लाकेंद्रांत आलेल्या लोकांची प्रकरणे होती. कार्यकर्त्यांना जे रोज दिसते त्याचे महत्त्व धागालेखकांनी सांगितले, ते या बाबतीत तंतोतंत खरे आहे. पुढे चौकशा झाल्या, बँका न्यायालयात गेल्या, २०११ मध्ये हरल्या, आणि अखेर ग्राहकांना परत मिळालेली रक्कम ३८ अब्ज पौंडांच्या वर गेली. सल्लागार मंडळाच्या अहवालाला उत्तर देण्याची अशी मुदत नसेल, तर तो अहवाल कपाटात राहतो.

जमाखर्च (उत्तर)

मुदतीचा मुद्दा मी मनापासून स्वीकारतो आणि तो माझ्या भूमिकेत जोडून घेतो. पण तक्रारीनंतरचा रस्ता कोण आखणार, हा प्रश्न उरतोच. ग्राहकाला फसवून त्याच्याच हातून पैसे दुसऱ्या खात्यात पाठवायला लावण्याच्या प्रकारांविरुद्ध ‘विच?’ या ब्रिटिश ग्राहक संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये अशीच विशेष तक्रार केली. त्यानंतर ग्राहक प्रतिनिधी आणि उद्योगाचे प्रतिनिधी समसमान असलेला सुकाणू गट स्थापन झाला, त्याने आचारसंहिता तयार केली आणि मे २०१९ मध्ये ती लागू झाली. भरपाई कुणाला आणि कोणत्या परिस्थितीत द्यायची, याची पहिली चौकट त्या समान प्रतिनिधित्वातून आली.

प्रतिसाद : स्पष्टवक्ता

ती संहिता ऐच्छिक होती, हे आपण लिहायचे राहिले. सगळ्या बँकांनी ती स्वीकारली नाही, आणि स्वीकारलेल्यांपैकीही कुणी जास्त भरपाई दिली, कुणी कमी. शेवटी ७ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याच्या बळावर भरपाई सक्तीची झाली. एका दाव्यासाठी ८५,००० पौंडांची मर्यादा ठरली, आणि तो भार पैसे पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या संस्थांमध्ये निम्मानिम्मा वाटला गेला. भागीदारीने आठ वर्षांत जे साधले नाही, ते सक्तीने साधले.

जमाखर्च (उत्तर)

सक्ती आवश्यक होती, याबद्दल आपले दुमत नाही. मात्र सक्तीचा नियम लिहिताना कोणत्या परिस्थितीत ग्राहकाला निष्काळजी म्हणायचे, वृद्ध किंवा आजारी ग्राहकाला कोणती सवलत द्यायची, याचा अनुभव त्या पाच वर्षांतच साठला होता. म्हणून मंडळे बरखास्त करण्याऐवजी त्यांच्या अटी बदलाव्यात, असे मी म्हणतो. सदस्याला मुदतीआधी काढायचे असल्यास नियामकाबाहेरच्या संस्थेची संमती लागावी, बैठकांची इतिवृत्ते प्रसिद्ध व्हावीत, प्रत्येक शिफारशीला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि ग्राहक प्रतिनिधींना मानधन व स्वतःचे संशोधन करून घेण्यासाठी निधी मिळावा. यांतली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बँकेचा प्रतिनिधी कार्यालयाच्या वेळेत, विश्लेषकांचा ताफा हाताशी घेऊन बैठकीला येतो, आणि ग्राहकाचा प्रतिनिधी रजा टाकून येतो.