चर्चा: स्टाफरूममध्ये 'कन्नड किंवा इंग्रजीच'?

वॉर्डातली बाई
बेळगावातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी अकरा वर्षं शिकवतेय. (कुठलं ते विचारू नका.) गेल्या महिन्यात नोटीस लागली: स्टाफरूम आणि वॉर्डात कन्नड किंवा इंग्रजीच बोलायचं. त्याच आठवड्यात दुसरी नोटीस: 'सांस्कृतिक विविधता दिन', प्रत्येकानं आपल्या प्रांताचा पोशाख करून यावं. म्हणजे नऊवारी नेसा, पण नेसून मराठी बोलू नका!

पहिल्या नोटिशीला माझा विरोध आहे. पण आपणही काही कमी नाही. डबा खायला आम्ही पाच मराठी आणि एक केरळातल्या कोट्टायमची ट्यूटर. दोन वर्षं ती आम्ही हसलो की हसायची. एक दिवस हळूच तिनं विचारलं, "माझ्यावरच हसता का?" घास घशातच राहिला.

बंदी नको. पण ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सगळ्यांना कळेल अशाच भाषेत द्या, आणि डब्याला दुसऱ्या भाषेचं माणूस असलं तर त्याचंही भान ठेवा. एवढंच म्हणणं आहे.

शहापूरकर
बाई, तुम्ही उगाच आपल्याच माणसांच्या चुका काढताय. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हापासून आपण हेच ऐकतोय. त्याच साली घटनेत ३५०अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून. कॉलेज त्यात बसत नाही, ठाऊक आहे मला. पण २०१४ साली गावाचं नावसुद्धा सरकारी कागदावर बदललं, आता भाकरी खातानाची भाषापण वरून ठरणार? समजूतदारपणा दरवेळी आपणच दाखवायचा का?

गोकाककर
माझी मातृभाषा कन्नड, मराठी गल्लीत खेळून शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. शहापूरकर, तुम्ही पेशंटला विसरलात. रामदुर्ग, सौंदत्तीकडची आजी मराठीचा एक शब्द जाणत नाही. ती म्हणते, "भाळ सुस्तागेत्री." सांगलीकडची विद्यार्थिनी कागदावर लिहिते 'सुस्ती'. आमच्यात सुस्तु म्हणजे थकवा, अशक्तपणा. तुमच्यात सुस्ती म्हणजे आळस, झोपाळूपणा. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या कागदावर झोपाळूपणा लिहिला तर डॉक्टर पळत येणार की नाही?

'उरी'चं तसंच. कन्नडात ती जळजळ, मराठीत मात्र छाती. लघवीची उरी सांगणाऱ्या बाईची छाती तपासताना मी बघितलंय. वॉर्डात कन्नड सक्तीची केली तर मला काही वाईट वाटत नाही.

खानापूरची पोर
मी दुसऱ्या वर्षाला आहे. जांबोटीकडच्या एका काकांना दम्याचा पंप कसा ओढायचा ते मराठीत सांगत होते. आधी श्वास सोडा, मग पंप दाबत सावकाश आत ओढा, दहा मोजेपर्यंत धरा. सिस्टरनी सगळ्यांसमोर झापलं, "इल्लि मराठी बेड." (इथे मराठी नको.) काकांना कन्नड येत नाही, सिस्टरना मराठी येतं. मग कुणासाठी नोटीस ती?

होस्टेलात तर खोल्याच भाषेनं वाटल्यात, भांडणं नकोत म्हणून. तीन वर्षं विजापूरच्या मुलीशी बोलायची वेळच येणार नाही, आणि नंतर एकाच वॉर्डात रात्रपाळी.

निवृत्त भूलतज्ज्ञ
भावनांचा मान राखून सांगतो: औषधाचा डोस इंग्रजीतच, आकडे सुटे करून. मी एकदा घाईत "अडीच मिली" म्हणालो. केरळच्या सिस्टर सिरिंज हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. दीड, अडीच, पाऊण हे आपल्याला पाठ, पण बाहेरच्याला कुणी शिकवलंय? विचारायचं धाडस त्यांनी केलं म्हणून निभावलं. आमच्या वेळी वरिष्ठाला उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा होता, आणि माझ्या मते भाषेपेक्षा तीच खोड जास्त घातक.

स्थानिक भाषा शिकवायची सोय २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीलाच आहे. नर्सिंगच्या शिक्षकांनाही ती द्या. कन्नड आणि मराठी दोन्ही.

गोकाककर
दोन्ही कशाला? राज्य कर्नाटकाचं आहे.

वॉर्डातली बाई
कारण चंदगडची, खानापूरची म्हातारी आपल्याच दवाखान्यात येते, गोकाककर. तुमची उदाहरणं मी उद्याच वर्गात वापरणार, सुस्तु आणि उरी दोन्ही. पण त्यांवरून सिद्ध होतं ते एवढंच की कन्नड *शिकवायला* हवं. मराठी बोलणाऱ्याला गप्प केल्यानं सांगलीच्या पोरीला सुस्तु कळणार आहे का?

आणि शहापूरकर, समजूतदारपणाचं म्हणाल तर तुमचा राग मला कळतो. माझ्या वडिलांचाही तोच होता. पण कोट्टायमच्या बाईचा १९५६ शी काय संबंध?

ती आता शिपाईमामांकडून मराठी आकडे शिकतेय. काल म्हणाली, साडेतीन आहे, साडेचार आहे, मग साडेदोन का नाही? मला सांगता आलं नाही.

शहापूरकर
ते राहू दे. नोटीस मागे घेतली का ते सांगा आधी.

वॉर्डातली बाई
नाही. विविधता दिन मात्र शुक्रवारी आहे.