मदत हवी आहे: कॉलेजसाठी हलका लॅपटॉप, नवा साधा की रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) बिझनेस मॉडेल?

वापर: नोट्स, पायथन, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब. गेमिंग नाही. चार्जरसकट वजन पावणेदोन किलोच्या आत हवं, म्हणून १५.६ इंची बाद, १४ इंची बघतोय.

नव्या स्वस्त मॉडेलमध्ये अनेकदा ८ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की बसवलेली) असते. मोकळा स्लॉट असेल तर पुढे ८ जीबी टाकून ड्युअल चॅनेल (दोन रॅम एकाच वेळी वापरल्याने मिळणारा जादा वेग) मिळतो. इंटिग्रेटेड ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेली ग्राफिक्स चिप) हीच रॅम वापरतं, त्यामुळे फरक पडतो. स्लॉट नसेल तर कायमचे अडकलो. शिवाय स्क्रीन २५० निट्सची (निट म्हणजे उजेडाचं माप), खिडकीजवळ बसलं की फिकी. ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू) स्टोरेजवाली मॉडेल्स तर यादीतून आधीच काढली आहेत.

रिफर्बिश्डमध्ये लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड: कीबोर्ड दणकट, सुटे भाग मिळतात. पण विंडोज ११ साठी इंटेल प्रोसेसर साधारणपणे किमान आठव्या पिढीचा लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. खरी धास्ती बॅटरीची.

जाणकारांनी सांगा:
१) बॅटरी रिपोर्टमध्ये (विंडोज देतं तो बॅटरीचा अहवाल) फुल चार्ज कपॅसिटी मूळ क्षमतेच्या किती टक्क्यांखाली असेल तर सोडून द्यावा? मी ८० धरलेत.
२) बायोस (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) पासवर्ड किंवा आधी लॅपटॉप वापरणाऱ्या कंपनीचं लॉक राहिलंय का, हे पैसे देण्याआधी कसं तपासायचं?
३) टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होतं की फक्त डेटा जातो? स्पेसिफिकेशनमध्ये हे धड लिहिलेलं नसतं. ६५ वॉटचा एकच चार्जर फोनलाही चालला तर बरं.