युगांडाच्या शाळांपर्यंत पोहोचलेला पैसा
परकीय मदत शेवटी भ्रष्ट सरकारांच्या हाती जाते, म्हणून ती बंदच करावी, हे मत मला पटत नाही. गळतीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि युगांडात ती प्रत्यक्ष मोजली गेली आहे. 1991 ते 1995 या काळात केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी दिलेल्या दरडोई अनुदानापैकी सरासरी सुमारे 13 टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते आणि बहुसंख्य शाळांना तर काहीच मिळत नव्हते. उरलेला पैसा जिल्हा पातळीवरच अडत असे. हे उघड झाल्यावर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते वृत्तपत्रांतून छापायला सुरुवात केली, शाळांच्या भिंतींवरही आकडे लावायला सांगितले, आणि काही वर्षांतच पोहोचणाऱ्या रकमेचे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास गेले. या सुधारणेचे सारे श्रेय वृत्तपत्रांना देता येणार नाही, कारण त्याच सुमारास वित्तव्यवस्थेतही बदल होत होते; तरीही आपल्या शाळेच्या वाट्याचा आकडा पालकांना कळणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

1998 मध्ये अतिकर्जबाजारी गरीब देशांच्या योजनेतून कर्जमाफी मिळालेला युगांडा हा पहिला देश ठरला आणि त्यातून वाचलेला पैसा दारिद्र्य निर्मूलनासाठी स्थापन केलेल्या वेगळ्या निधीत वळवण्यात आला. त्याआधीच, 1997 मध्ये, प्राथमिक शिक्षणाचे शुल्क रद्द झाले होते आणि पटसंख्या झपाट्याने वाढली होती. अशा वेळी मदत थांबली असती, तर त्याची झळ सर्वांत आधी या नव्याने शाळेत आलेल्या मुलांनाच बसली असती.